तापमापकाची जन्मकथा

मार्गशीर्षातील सकाळ आहे. न्हाणीघरात बंब पेटला आहे आणि घंगाळात पाणी विसणून ठेवले आहे. धाकटा भाऊ नुकताच अंगणातील दवात अनवाणी हुंदडून आला आहे. त्याचे हात गारठून गेले आहेत. तो घंगाळात बोटे बुडवतो आणि "आई गं, पोळलो!" म्हणून ओरडतो. थोरली बहीण इतका वेळ चुलीपाशी हात शेकत बसलेली असते. ती उठून येते, त्याच पाण्यात हात घालते आणि म्हणते, "अरे, हे कसले कढत? हे तर धड कोमटसुद्धा नाही." झाले! दोघांचे भांडण जुंपते. खोटे कोणाला ठरवावे हे आईला कळत नाही. आणि खरे सांगायचे तर दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसते.

ह्या भांडणाचे मूळ पाहायचे असेल, तर तीन भांडी घ्यावीत. एकात हाताला सोसेल इतके ऊन पाणी, दुसऱ्यात अगदी थंड पाणी व तिसऱ्यात कोमट पाणी भरावे. उजवा हात उन्हात आणि डावा थंडात मिनिटभर बुडवून ठेवावा व मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घालावेत. उजवा हात सांगेल, पाणी गार आहे. डावा सांगेल, पाणी ऊन आहे. भांडे एक, पाणी एक, माणूसही एकच. पण त्याचे दोन हात दोन साक्षी देतात! इंग्लंडातील जॉन लॉक ह्या तत्त्वज्ञाने १६९० सालच्या आपल्या ग्रंथात ह्याच अनुभवाकडे वाचकांचे लक्ष वेधले होते.

हाताची आणखी एक खोड आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे शहाबादी फरशीवर पाऊल टाकले, तर झटका बसावा इतकी ती गार लागते. आणि शेजारीच ठेवलेल्या लाकडी पाटावर पाय ठेवला, तर तसे काही वाटत नाही. वास्तविक फरशी आणि पाट रात्रभर एकाच खोलीत होते. दोघांचेही तापमान सारखेच असते. फरक इतकाच, की फरशी पायातील उष्णता भराभर ओढून घेते आणि लाकूड ती सावकाश घेते. आपल्या कातडीला वस्तू किती तापलेली आहे हे नीटसे कळत नाही. आपल्या अंगातून उष्णता किती वेगाने जात आहे किंवा अंगात येत आहे, एवढेच तिला कळते.

येथे दोन शब्द वेगळे करून ठेवले पाहिजेत : उष्णता आणि तापमान. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, तेव्हा तिचे तापमान हजार अंशांच्या घरात असते. तरीही हात बहुधा भाजत नाही. उलट, उकळत्या पाण्याचे तपेले अंगावर सांडले, तर माणूस जन्माचा होरपळतो, जरी त्या पाण्याचे तापमान ठिणगीच्या मानाने फारच थोडे असते. कारण ठिणगी केवढी, तर मोहरीएवढीही नाही. तिच्यात उष्णतेचा साठा असा कितीसा असणार? पाण्याच्या उदाहरणाने हे चटकन ध्यानात येईल. भरलेला मोठा हौद जमिनीवर आहे आणि एक लहानशी घागर माळ्यावर आहे. दोहोंना नळीने जोडले, तर पाणी घागरीतून हौदाकडे वाहील. कारण वाहण्याची दिशा साठ्यावर ठरत नाही, पातळीवर ठरते. उष्णतेचेही असेच आहे. उष्णतेची जी पातळी, तेच उष्णतामान, म्हणजे आजच्या प्रचारातला शब्द घेतला तर तापमान. दोन वस्तू एकमेकींना लागल्या, की अधिक तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे उष्णता जाते, आणि दोघींची पातळी सारखी झाली म्हणजे हे जाणे थांबते. तापमापक वापरताना नेमके हेच होते. नळी पाण्याइतकी तापते, आणि मग ती आपले स्वतःचेच तापमान आपणांस सांगते!

पण ही पातळी दिसावी कशी? पाण्याची पातळी डोळ्यांना दिसते, उष्णतेची दिसत नाही. तेव्हा उष्णतेने जे बदलते व डोळ्यांना दिसते, असे काहीतरी शोधणे भाग होते. तापली की वस्तू फुगते आणि निवली की आकसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक होती. तिचा उपयोग मापनाकडे करून घेण्याची सुरुवात इटलीत झाली. पादुआ येथील विद्यापीठात गॅलिलिओ गणित शिकवीत असे. त्याचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६३८ साली लिहिलेल्या एका पत्रात, पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या गुरूने दाखवलेला एक प्रयोग वर्णिला आहे. कोंबडीच्या अंड्याएवढा काचेचा फुगा. त्याला सुमारे दोन वीत लांब आणि गव्हाच्या काडीसारखी बारीक मान. गॅलिलिओने फुगा तळहातांत धरून ऊबवला, मग उलटा करून त्याच्या मानेचे तोंड पाण्याच्या भांड्यात बुडवले आणि हात काढून घेतले. फुग्यातील हवा निवली, आकसली, आणि भांड्यातील पाणी नळीत चांगले वीतभर वर चढले. फुग्याला पुन्हा ऊब लागली की पाणी खाली उतरे.

त्याच विद्यापीठातील सांतोरिओ नावाच्या वैद्याने ह्या नळीच्या कडेला खुणा आखल्या. रोग्याच्या तोंडात काचेचा गोळा धरावयास द्यायचा आणि ठरावीक वेळात पाणी किती खाली उतरते ते पाहायचे, अशी त्याची रीत होती. कल्पना उत्तम होती, पण नळी उघड्या तोंडाची होती. भांड्यातील पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब पडत असे, आणि तो दाब रोज सारखा नसतो. पावसाळी हवा आली की रोग्याचा ताप न बदलताही नळीतील पाणी खालीवर होई. हवेला दाब असतो, हे टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने सिद्ध करून दाखवल्यावर हा दोष स्पष्ट झाला.

उपाय सोपा होता : नळीचे तोंड बंद करून टाकायचे. टस्कनीचा राजा दुसरा फर्डिनांड याला यंत्रे व प्रयोग यांचा मोठा नाद होता. त्याच्या पदरी काच फुंकणारे अत्यंत निष्णात कारागीर होते. १६५४ च्या सुमारास त्याने मद्यार्क भरलेल्या आणि तोंड वितळवून बंद केलेल्या नळ्या तयार करवल्या. अंश दाखवण्यासाठी नळीवर काचेचे बारीक मणी चिकटवलेले असत. त्याने असे तापमापक बोलोन्या, मिलान, पॅरिस आणि थेट वॉर्सापर्यंत धाडले व तेथील हवेची नोंद करून पाठवण्याची व्यवस्था केली. एकाच वेळी अनेक गावांची हवा मोजण्याचा हा पहिला मोठा उद्योग म्हटला पाहिजे. आपल्या राज्यातील ऊन-थंडी मोजावी असे एखाद्या राजाला वाटणे, हीच मुळी कौतुकाची गोष्ट आहे.

येथवर नळी तयार झाली; पण खरी अडचण पुढेच होती. फ्लॉरेन्सच्या नळीने २० अंश दाखवले आणि लंडनातील दुसऱ्या कोणा कारागिराच्या नळीनेही २० अंश दाखवले, तर दोन्ही गावांची हवा सारखी आहे असे म्हणता येत नसे. प्रत्येकाच्या नळीची जाडी वेगळी, गोळा वेगळा, खुणांमधील अंतरही वेगळे. आपल्याकडे पूर्वी गावोगावची पायली वेगवेगळी असे, तशातलाच प्रकार. मोजणाऱ्यापाशी आकडा होता, परंतु तो दुसऱ्याला सांगून उपयोग नव्हता. कोठेही, केव्हाही, कोणालाही सारखीच सापडेल अशी एखादी गरमी किंवा थंडी हवी होती, म्हणजे तेथे खूण करून मोजणीला आरंभ करता आला असता.

अशा स्थिर खुणा शोधण्यासाठी विद्वानांनी जी धडपड केली, ती वाचताना कधीकधी हसू येते. दालांसे नावाच्या एका फ्रेंच लेखकाने १६८८ साली सुचवले, की लोणी वितळते ती एक खूण धरावी. पण लोणी गाईचे की म्हशीचे, ताजे की शिळे? कोणी म्हणाले, पॅरिसच्या वेधशाळेखालील खोल तळघराची हवा बारा महिने सारखीच असते, तीच खूण धरू. पण मग प्रत्येक कारागिराने नळी बगलेत मारून पॅरिसच्या तळघरात उतरायचे की काय? खुद्द न्यूटनने १७०१ साली जवसाच्या तेलाचा तापमापक वर्णिला; त्यात वितळत्या बर्फाला ० व माणसाच्या अंगच्या उष्णतेला १२ अंश दिले होते.

ही गाठ ज्याने व्यवहारात सोडवली, तो कोणी प्राध्यापक नव्हता. गॅब्रिएल फॅरनहाइट याचा जन्म १६८६ साली डान्झिग येथे झाला. ते शहर आज पोलंडात असून त्याला ग्दान्स्क म्हणतात. १४ ऑगस्ट १७०१ ह्या दिवशी विषारी अळंबी खाण्यात येऊन त्याचे आई आणि वडील दोघेही एकदमच वारले. पंधरा वर्षांचा गॅब्रिएल पाच भावंडांत वडील होता. पालकांनी त्याला व्यापार शिकण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमला एका पेढीवर ठेवले. तेथे जमाखर्चाच्या वह्यांपेक्षा काचेच्या नळ्यांनी त्याला अधिक भुरळ घातली. यंत्रांच्या नादात तो कर्ज काढू लागला आणि अखेर पेढी सोडून निघून गेला. पालक इतके संतापले, की त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत धाडावे, असा हुकूम मिळवण्याच्या खटपटीला ते लागले. ती खटपट फळास आली असती, तर तापमापकाची कथा आज निराळ्याच माणसाच्या नावाने सांगावी लागली असती.

गावोगाव फिरत फिरत तो १७०८ साली कोपनहेगनला पोहोचला. प्रकाशाला प्रवास करण्यास वेळ लागतो, हे १६७६ साली दाखवून देणारा रोमर हा ज्योतिषी तेथे राहत असे. रोमर आपले तापमापक आधी बर्फ घातलेल्या पाण्यात आणि मग अंगाइतक्या ऊन पाण्यात बुडवून त्यांवर खुणा करतो, हे फॅरनहाइटने डोळ्यांनी पाहिले. एक नव्हे, दोन स्थिर खुणा! दोन खुणा पक्क्या झाल्या, म्हणजे त्यांच्यामधील अंतराचे सारखे भाग पाडता येतात. मग नळी जाड असो की बारीक, लांब असो की आखूड. रोमरच्या पट्टीवर बर्फाची खूण साडेसातवर पडे. अपूर्णांकांची ही कटकट फॅरनहाइटला आवडली नाही. त्याने रोमरच्या एकेका अंशाचे चार चार भाग केले, आणि पुढे आकडे थोडे सरकवून बर्फाला ३२ व निरोगी माणसाच्या अंगाला ९६ अंश दिले. ३२ आणि ९६ यांच्यामध्ये ६४ अंश येतात. चौसष्टाचे निम्मे बत्तीस, बत्तीसाचे निम्मे सोळा. असे निम्मे निम्मे करीत गेले, तर सहा वेळांत एक अंश हाती येतो. कंपासाने खुणा आखणाऱ्या कारागिराला ही केवढी सोय! नवसागर, बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणाची जी थंडी, ती त्याने शून्यावर ठेवली.

१७१४ साली त्याने मद्यार्काचे दोन तापमापक हाले येथील ख्रिस्तियान वोल्फ ह्या प्राध्यापकाला दिले. वोल्फने ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही नळ्या एकच आकडा दाखवीत होत्या. फरक पडला तर अंशाच्या लहानशा अपूर्णांकाचा. वोल्फला याचे इतके आश्चर्य वाटले, की त्याने त्याविषयी एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात लेख लिहिला. दोन तापमापक एकमेकांशी जुळले, ही आज बातमीच होणार नाही. त्या वेळी मात्र ती छापून काढण्याजोगी गोष्ट होती. तसे दोन तापमापक चुलीपाशी बसलेल्या बहिणीच्या आणि दवातून आलेल्या भावाच्या हाती असते, तर घंगाळाचे भांडण क्षणात मिटले असते.

त्याच सुमारास फॅरनहाइट पाऱ्याकडे वळला. पारा चकचकीत असतो, काचेला चिकटत नाही आणि तापताना बराचसा सारख्या प्रमाणात फुगतो. मद्यार्क ७८ अंश सेल्सियसलाच उकळू लागतो, त्यामुळे उकळते पाणी मोजण्याच्या कामी तो लंगडा पडतो. पारा ३५६ अंशांपलीकडे जाईपर्यंत उकळत नाही. फॅरनहाइटने पारा शुद्ध करण्याची रीत बसवली आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये यंत्रे करून विकण्यावर आपला चरितार्थ चालवला. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचे लेख छापले आणि त्याला सभासद करून घेतले. १७३६ साली तो हेग येथे वारला. पुढे त्याच्या पट्टीवर उकळत्या पाण्याची खूण २१२ वर पक्की केली गेली, आणि त्या हिशेबाने अंगाचे तापमान ९८.६ अंश ठरले. आजही आपल्या घरोघरी मुलाला ताप भरतो तो 'एकशे दोन', 'अडतीस पूर्णांक नऊ' नव्हे. ऊन मात्र त्याच घरात 'बेचाळीस' असते! एकाच घरात दोन पट्ट्या अशा गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

ही दुसरी पट्टी स्वीडनची. फॅरनहाइटच्या खुणांत एक उणीव राहून गेली होती, ती म्हणजे माणसाचे अंग. अंग सकाळी थोडे निवलेले असते, संध्याकाळी थोडे तापलेले. ते स्थिर कसले? उप्साला येथील अँडर्स सेल्सियस ह्या ज्योतिषशास्त्रज्ञाने ती खूण सोडून दिली. पृथ्वीचा नेमका आकार मोजण्यासाठी लॅपलँडच्या बर्फाळ प्रदेशात गेलेल्या तुकडीत हा होता. तेव्हा बर्फाशी त्याची ओळख पुस्तकी नव्हती. त्याने बर्फ वितळण्याचे तापमान हिवाळ्यामागून हिवाळे तपासले. हवेचा दाब बदलला, अक्षांश बदलला, तरी ती खूण हलेना. उकळत्या पाण्याची खूण मात्र हवेच्या दाबाबरोबर सरकते, हे त्याने मोजून दाखवले. म्हणून ती पक्की करताना दाब किती होता हे सांगितलेच पाहिजे, असा दंडक घातला. महाबळेश्वरला समुद्रकाठच्यापेक्षा पाणी ४ ते ५ अंश आधीच उकळते, त्याचे कारण हेच. १७४२ साली त्याने ह्या दोन खुणांमध्ये शंभर भाग पाडले. गंमत अशी, की त्याच्या पट्टीवर उकळत्या पाण्याला ० व बर्फाला १०० अंश होते! १७४४ साली सेल्सियस वारला, आणि थोड्याच वर्षांत ही पट्टी उप्सालातच उलटी करण्यात आली. १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला त्याचे नाव दिले.

बर्फ इतका विश्वासू का, याचा उलगडा ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकाच्या मध्यानंतर केला. वितळत्या बर्फाला उष्णता देत राहिले, तरी त्याचे तापमान वाढत नाही. सगळी उष्णता बर्फाचे पाणी करण्यातच खर्ची पडते. भांड्यात बर्फाचा तुकडा शिल्लक आहे, तोवर ढवळलेले पाणी शून्य अंशावरच राहते. उष्णता आणि तापमान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ब्लॅकने ह्यावरूनच शिकवले. आपल्याला ज्ञात असलेल्या थंडीला तळ आहे, हे त्यानंतर कळले. लॉर्ड केल्व्हिन याने १८४८ साली ज्या पट्टीची कल्पना मांडली, तिचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सियसवर येते. त्याखाली तापमान नाहीच.

एवढा खटाटोप झाला, तरी रोग्याच्या खाटेपाशी तापमापक फार उशिरा पोहोचला. ताप पाहायचा तो हाताने आणि नाडीवरून. पण नुकतीच गार पाण्यात भांडी घासून आलेल्या आईच्या हाताला घरातले प्रत्येक मूल तापलेले लागते! जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश ह्या वैद्याने सुमारे २५,००० रोग्यांची तापमाने पुन्हा पुन्हा नोंदवून १८६८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी अंगाची सरासरी त्याने ३७ अंश सेल्सियस काढली. आजच्या मोजण्यांत ती याहून किंचित खाली भरते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्याने तापाचे आलेख काढले. विषमज्वराचा ताप दिवसागणिक पायरी पायरीने चढतो, हिवताप थडथडून येतो व उतरतो, पुन्हा येतो. एका वेळच्या आकड्यापेक्षा आकड्यांची चाल वैद्याला अधिक सांगते, आणि हाताला ही चाल कधीच कळली नसती. मात्र त्या वेळचा तापमापक हातभर लांब असे व तो स्थिरावण्यास वीस मिनिटे लागत. तापाने फणफणलेल्या मुलाने तो इतका वेळ काखेत धरून निजावे तरी कसे? इंग्लंडातील टॉमस क्लिफर्ड ऑलबट याने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची नळी तयार करवली. ती पाच मिनिटांत काम करी. गोळ्याच्या वर नळी किंचित चिंचोळी ठेवली, की चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. त्यामुळे नळी काखेतून काढून खिडकीच्या उजेडात निवांत वाचता येते.

हवेचे तापमान मोजताना वेगळीच काळजी घ्यावी लागते. उन्हात टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, तर उन्हाने तापलेल्या आपल्याच काचेचे तापमान सांगतो. म्हणून तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. ही पेटी दीपगृहे बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सन ह्या अभियंत्याने योजली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. १८७५ साली भारताचे हवामान खाते सुरू झाले, आणि १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील 'सिमला ऑफिस' हे नाव त्याचीच आठवण आहे. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंशांची नोंद झाली, तर दक्षिण ध्रुवाकडील व्होस्टोक येथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची. व्होस्टोकला पाऱ्याची नळी चाललीच नसती; पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठून घट्ट होतो.

पाऱ्याचे राज्य आता मावळत चालले आहे. नळी फुटली की त्याचे टपोरे, चंदेरी थेंब फरशीवर धावतात आणि मुलांना ते वेचण्याचा मोह होतो. पण त्याची वाफ विषारी असते, म्हणून त्यांना हात लावता कामा नये. २०१३ सालच्या मिनामाता करारान्वये जगातील बहुतेक देशांनी पाऱ्याचे तापमापक बंद करण्याचे ठरवले. आता घरोघरी विजेच्या घटावर चालणारे तापमापक आले आहेत. त्यांच्या टोकाशी असलेल्या बारीक कणाचा विद्युत्‌रोध तापमानाबरोबर बदलतो आणि यंत्र त्याचा आकडा करून दाखवते.

शाळेच्या प्रयोगशाळेतील नळी खरी की खोटी, हे मात्र आजही सेल्सियसच्याच रीतीने पाहता येते. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून पेल्यात भरावा, त्यात थोडे स्वच्छ गार पाणी घालावे आणि चांगले ढवळावे. तापमापकाचा गोळा त्यात पुरता बुडवून तो पेल्याच्या तळाला वा कडेला टेकणार नाही असा धरावा. तीन-चार मिनिटे थांबावे, डोळा स्तंभाच्या टोकाशी समपातळीत आणावा आणि स्तंभ शून्याच्या रेषेला लागला आहे की वरखाली राहिला आहे, ते वहीत टिपून ठेवावे.